विरजण

वाईच्या शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले आत्माराम शेंडे लखनौला मुलाकडे आले ते दिवाळीनंतर, थंडी सरली की परत जायचं अशा बेतानं. थंडी सरली, होळीच्या रंगाचा दिवस जवळ आला, आणि ते हजरतगंजामागच्या गल्लीतल्या एका नर्सिंग होममध्ये खाटेला खिळलेले होते. बुधवारी सकाळी सर्जननं त्यांच्या मुलाला, निरंजनला, व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं, शनिवारी सकाळी ऑपरेशन. मोठं आतडं काढून टाकावं लागेल. एकाहत्तर वर्षांचं शरीर, दीड महिन्याचे जुलाब, त्यावर ताप. वाचण्याची शक्यता निम्मी धरा, आणि आतडं नाही काढलं तर तेवढीही धरू नका.

निरंजन विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचा. हे सगळं त्यानं जानकीपुरमच्या घरी येऊन बायकोला, नेत्राला, जसंच्या तसं सांगितलं आणि बूटही न काढता पलंगावर बसून राहिला. ती एका सरकारी औषध संशोधन संस्थेत जंतुशास्त्रज्ञ होती आणि सासऱ्यांना काय झालंय हे तिला डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं.

सुरुवात एका दाढेपासून झाली होती. जानेवारीत जबडा सुजला, पू झाला. दाताच्या डॉक्टरनं एक कॅप्सूल दिली, ती लागू पडेना म्हणून दुसरी, मग तिसरी. बावीस दिवसांत तीन तऱ्हेची जंतुनाशकं पोटात गेली. दाढ बरी झाली आणि जुलाब सुरू झाले. दिवसाला आठ, दहा, पुढेपुढे चौदा. गोळ्यांनी थांबायचे, गोळ्या संपल्या की आठवड्यात परत. दिल्लीहून मागवलेल्या औषधानंही तेच झालं. तेव्हा नेत्रानं सासऱ्यांच्या शौचाचा नमुना आपल्या प्रयोगशाळेत नेऊन हवा काढलेल्या बरणीत वाढवला होता. तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर टांग्याच्या तबेल्यासारखा वास आला. त्या वासाचा जंतू ती ओळखत होती. निरोगी आतड्यात तो असलाच तर कोपऱ्यात दबून असतो, कारण बाकीचे अब्जावधी जंतू त्याला जागा देत नाहीत. औषधांनी ते बाकीचे मारले होते. रिकाम्या घरात हा एकटा माजला होता आणि त्याचं विष आतड्याची आतली कातडी सोलत होतं.

बुधवारी दुपारी ती डॉक्टर हरिहर मिश्रांसमोर जाऊन बसली. पोटाच्या विकारांचे डॉक्टर म्हणून शहरात त्यांचं नाव होतं. साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. तिनं संस्थेच्या ग्रंथालयातून आणलेल्या कागदांची चळत त्यांच्या टेबलावर ठेवली. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आता जंतू मारण्यात अर्थ नाही, जंतू परत आत घालायला हवेत. निरोगी माणसाचं ताजं शौच मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, एनिम्यानं आतड्यात सोडायचं. तिच्या प्रयोगशाळेत तिनं स्वतः पाहिलं होतं, ज्या उंदरांना आधी जंतुनाशक दिलं ते नंतर मूठभर रोगजंतूंनी मरतात. ज्यांना दिलेलं नाही ते लाखभर जंतू सहज पचवतात. रोगाशी लढणारं अर्धं सैन्य आतड्याच्या भिंतीत असतं आणि त्याला कामाला जुंपणारे हेच साधे, रोजचे जंतू.

मिश्रांनी कागद शेवटपर्यंत वाचले. मग चष्मा काढून ते म्हणाले की उंदरांचं ठीक आहे, पण तुझ्या सासऱ्यांचं आतडं फुगलंय, ओल्या कागदासारखं झालंय; नळी घालताना भोक पडलं तर शनिवारही यायचा नाही. नेत्रा म्हणाली, ते तिला ठाऊक आहे. मिश्रांनी कागदांची चळत पुन्हा सरळ केली.

"रोकूँगा नहीं," मिश्रा शेवटी म्हणाले. "लेकिन नली मैं डालूँगा. और जिसका दोगी, उसकी हर जाँच मेरे सामने रखोगी."

तपासण्यांपाशी सगळं अडलं. घरातला माणूस असलेला बरा म्हणून निरंजननं आधी आपला नमुना दिला. नेत्रानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीच्या पुटी जागोजागी. कधी पोट दुखलं नव्हतं त्याचं, पण विद्यापीठाच्या कँटीनचं पाणी तो अकरा वर्षं पीत होता. नेत्रानं स्वतः पंधरवड्यापूर्वी घशासाठी जंतुनाशक घेतलं होतं, म्हणजे ती बाद. प्रयोगशाळेतले चंद्रकांत तिवारी गोष्ट कळल्यावर न लाजता म्हणाले, मेरा ले लीजिए मॅडम. त्यांच्यात अमीबा निघाला. गुरुवार उजाडला. शुक्रवारी रंग, त्या दिवशी शहरात एक दुकान उघडं मिळालं नसतं. शनिवारी सकाळी सर्जन हातमोजे घालणार होते.

दहाच्या सुमाराला ती थकून घरी आली तेव्हा सासूबाई, यमुनाबाई, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवत होत्या. नवऱ्याचा पेजेचा डबा भरून झाल्यावर त्यांना स्वतःची आठवण झाली होती. ताटात कालची भाकरी, वाडगाभर ताक, मटारच्या सालांची भाजी आणि बथुव्याच्या, म्हणजे इकडच्या चाकवताच्या, देठांचा कसलासा गरगटा. नेत्रा दारात उभी राहून त्या ताटाकडे पाहत राहिली.

आत्मारामांचं जेवण ठरलेलं असायचं. चाळलेल्या कणकेची पोळी, पांढरा भात, साधं वरण, सोललेली काकडी. दाढ दुखू लागल्यापासून तेही सुटलं होतं. दूध, बिस्किटं, ग्लुकोज. चाळणीत उरलेला कोंडा, भाज्यांची देठं, दोडक्याच्या शिरा, मुळ्याचा पाला हे सगळं यमुनाबाईंच्या वाट्याला यायचं. चव्वेचाळीस वर्षं त्या हेच खात आल्या होत्या. टाकून कसं द्यायचं, एवढंच त्याचं कारण. पण आतड्यातले जंतू जगतात ते याच चोथ्यावर. पांढरा भात आणि साखर वरच पचून जातात. खाली त्यांच्यापर्यंत पोचतो तो कोंडा. आणि यमुनाबाई लखनौत आल्यापासून नवऱ्यासाठी उकळलेलं पाणीच पीत होत्या. औषधाची गोळी त्यांनी शेवटची कधी घेतली ते त्यांना आठवतही नव्हतं.

नेत्रानं त्यांना फक्त एवढंच सांगितलं की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. नमुना पाहिला, तीन काचा पाहिल्या. स्वच्छ. रक्त घेऊन ती स्वतः रक्तपेढीत गेली, कावीळ आणि एड्सच्या चाचण्या समोर उभं राहून करून घेतल्या. त्याही स्वच्छ. दुपारी चारला कागद मिश्रांच्या टेबलावर होते.

आता सांगायचं राहिलं होतं. निरंजन म्हणाला, त्याच्यानं होणार नाही. लहानपणी पाटावर बसताना बाबांना त्याचा धक्का लागला तर ते ताटावरून उठून पुन्हा हातपाय धुऊन येत. त्यांच्यापाशी हा विषय कोणत्या तोंडानं काढायचा? तेव्हा नेत्राच नर्सिंग होममध्ये सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

आत्माराम उशीला टेकून होते. गाल बसले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या, चादरीखाली पोट तेवढं वर आलेलं होतं. नेत्रानं आडवळण घेतलं नाही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. वर्गात मुलाचं उत्तर ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकलं.

"यापूर्वी कुणावर केलंय हे?"

"अमेरिकेत, सदतीस वर्षांपूर्वी. चार रोगी होते, चारही बरे झाले. नंतर इकडेतिकडे काही जणांवर केलंय. आपल्याकडे केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही."

"चारांवरून सिद्धांत होत नाही."

"नाही होत, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. सलाइनचे थेंब पडत राहिले. नेत्राला वाटलं, झोपलेच.

"कुणाचं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"आईंचं."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. नेत्रा थांबून राहिली.

"तिला विचारलंस?"

"आधी तुम्हाला विचारायला आले."

"माझं सोड," ते भिंतीकडे पाहतच म्हणाले. "ती नाही म्हणेल."

आणि तसंच झालं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर यमुनाबाईंना ऐकताना आधी कळेचना, आणि कळलं तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. नेत्रानं त्यांना समजेल अशा शब्दांत सांगून पाहिलं. घरातलं दही बिघडलं, विरजणही गेलं, तर आपण शेजारून चमचाभर विरजण आणतो की नाही? बाबांच्या पोटातलं विरजण गेलंय. तुमच्याकडे आहे. यमुनाबाई मान हलवत राहिल्या. दह्याचं वेगळं, हे वेगळं. रोज सकाळी ज्यांच्या पाया पडते त्यांच्या अंगात असली घाण घालायची? आणि उद्या त्यातून काही बरंवाईट झालं तर? ऑपरेशनमध्ये गेले तर देवानं नेलं म्हणेन. यानं गेले तर मी मारलं. ते घेऊन मी कशी जगू, सांग.

आपण चुकत असू, ही भीती नेत्रालाही होती. सूर्य मावळतीला आला होता. व्हरांड्याच्या टोकाला परिचारिका रंगाच्या आदल्या दिवशीच एकमेकींच्या कपाळाला गुलाल लावत होत्या. निरंजन आईशेजारी बाकावर येऊन बसला.

तेवढ्यात आतून आत्मारामांनी हाक मारली. हाक कसली, घसा खाकरल्यासारखा आवाज. यमुनाबाई उठून आत गेल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळे पुढचं बाहेरच्या दोघांना ऐकू आलं.

"बैस," आत्माराम म्हणाले. त्या खाटेपाशी स्टुलावर बसल्या. "तू नाही म्हणालीस ना?"

"मी असलं काही करायची नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

"सांगत नाहीये." त्यांना दम लागला, थोडं थांबावं लागलं. "आजवर मी तुला सांगतच आलो. हे कर, ते करू नको. आज मागतोय. मला जगायचंय अजून थोडं."

यमुनाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"आणि झालं काही, तर ते माझ्या मागण्यानं झालं," आत्माराम म्हणाले. "तुझ्या देण्यानं नव्हे. निरंजनला तसं लिहून देतो."

"लिहून नको," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग त्या बाहेर आल्या आणि नेत्राला हळूच म्हणाल्या की इथल्या संडासात त्यांना जमायचं नाही, दुसऱ्याच्या घरी कधीच जमलेलं नाही. सकाळी घरीच काय ते.

शुक्रवारी उजाडताच सगळं तयार झालं. नेत्रानं मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर वर्तमानपत्र पसरलं होतं. उकळलेलं काचेचं भांडं, मिठाचं पाणी, निर्जंतुक जाळीचं कापड. तोंडाला रुमाल बांधून तिनं कालवलं, चार पदरी कापडातून तीनदा गाळलं, बाटलीत भरून बूच मेणानं बंद केलं आणि बाटली रुंद तोंडाच्या थर्मासात कोमट पाण्यात ठेवली. हात कोपरापर्यंत धुतले. यमुनाबाई दार लावून देवापुढे बसल्या होत्या. त्या बाहेर आल्याच नाहीत. उशीर जितका होईल तितके जंतू मरणार, म्हणून सव्वाआठला स्कूटर निघाली. निरंजन पुढे, नेत्रा मागे, थर्मास पोटाशी धरलेला.

सीतापूर रोडवर अजून सामसूम होती. डालीगंजच्या पुलाअलीकडे मात्र टोळकं आडवं आलं. वीसपंचवीस जण, कुणाचा चेहरा ओळखू येऊ नये असे रंगलेले, ढोलक वाजवत. स्कूटर थांबवावी लागली. निरंजनच्या डोक्यावर बादली पालथी झाली, नेत्राच्या गालांना गुलाल लागला. तिनं थर्मास दोन्ही हातांनी आवळून धरला आणि त्यामुळेच तो एकाच्या नजरेत आला.

"भाभी, ठंडाई अकेले-अकेले?" त्यानं हसत थर्मासाच्या कडीला हात घातला. भांगेचा वास त्याच्या तोंडाला होता. त्यानं ओढलं, नेत्रानं सोडलं नाही. आत बाटली काचेवर आपटल्याचा आवाज तिला ऐकू आला.

"भैया, दवा है," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ससुर जी अस्पताल में हैं. आज ये नहीं पहुँची तो कल नहीं बचेंगे."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. कडीवरचा हात सुटला. मग मागे वळून त्यानं ढोलकवाल्याला थांबवलं, लोकांना बाजूला सारलं आणि पूल संपेपर्यंत स्कूटरच्या पुढे धावत, रस्ता दो, मरीज़ की दवा है, असं ओरडत गेला. पुलापलीकडे तो कुठे राहिला ते त्यांनी पाहिलं नाही.

नर्सिंग होमच्या पायऱ्यांवरच नेत्रानं थर्मास उघडला. बाटली शाबूत होती. मिश्रा येऊन बसले होते. त्यांनी तिला हात धुवायला लावले आणि खोलीबाहेर काढलं. खाटेच्या पायथ्याखाली विटा रचून ती उंच केली होती. एका म्हाताऱ्या परिचारिकेला तेवढं त्यांनी बरोबर ठेवलं, मऊ रबरी नळी घेतली आणि दार बंद झालं.

चाळीस मिनिटं. निरंजनच्या केसांतून हिरवं पाणी गळत होतं, ते त्यानं पुसलंही नाही. एकदा आतून आत्मारामांच्या कण्हण्याचा आवाज आला आणि दोघं एकदम उठून उभे राहिले. मग परत शांत. मिश्रा बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला होता. ते म्हणाले की गेलं आत, आतडं अजून शाबूत आहे. आता चार तास त्यांनी ते धरून ठेवायला हवं.

आत्मारामांनी पाच तास धरलं. दात आवळून, छताकडे पाहत. नंतर परिचारिकेनं सांगितलं की ते तोंडातल्या तोंडात सतराचा पाढा म्हणत होते, तिला वाटलं जप चाललाय.

दोनच्या सुमारास सर्जन आले, कानांमागे रंग राहिलेला. काय केलंय ते ऐकून त्यांनी मिश्रांशी बंद दाराआड बराच वाद घातला. बाहेर येऊन त्यांनी पोट चाचपलं, ताप पाहिला. एकशेतीन. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होईल, एवढंच म्हणून ते गेले. संध्याकाळपर्यंत काहीही फरक नव्हता. यमुनाबाई येऊन बाकावर बसल्या आणि कुणी पाणी विचारलं तरी नको म्हणत राहिल्या. नेत्राला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना.

शनिवारी सकाळी सातला ऑपरेशनसाठी न्यायला माणसं आली, तेव्हा परिचारिकेनं थर्मामीटर दोनदा झटकून पुन्हा लावला. शंभरावर एक रेष. पहाटेपासून जुलाब तीनच झाले होते. सर्जननं पोटावर हात ठेवला, दाबलं, पुन्हा दाबलं. कालच्या नगाऱ्यासारखं ते आता ताणलेलं नव्हतं. त्यांनी मिश्रांकडे पाहिलं नाही, नेत्राकडेही नाही. स्ट्रेचरवाल्यांना म्हणाले, "शाम तक रुकते हैं."

संध्याकाळी त्यांनी सोमवारपर्यंत थांबायचं ठरवलं. रविवारी मिश्रांनी दुसऱ्यांदा नळी घातली; या वेळी यमुनाबाईंनी कुणाला काही विचारायला लावलं नाही. सोमवारी ताप नव्हता. बुधवारी आत्मारामांना भूक लागली. त्या दिवशी बेडपॅन बाहेर आणताना परिचारिकेनं ते झाकायच्या आधी यमुनाबाईंना खूण करून दाखवलं. बांधून झालं होतं. यमुनाबाई मटकन बाकावर बसल्या आणि नेत्राचा हात धरून हुंदके देऊन रडल्या, आठवडाभराचं सगळं एकदम.

तीन आठवड्यांनी नेत्रानं नमुना पुन्हा बरणीत वाढवला. झाकण काढलं तेव्हा तबेल्याचा वास नव्हता. यमुनाबाईंच्या कोंड्यादेठांच्या जेवणामुळे हे साधलं, की कुणाही निरोगी माणसाच्या जंतूंनी साधलं असतं, हे एका माणसावरून तिला ठरवता येत नव्हतं आणि तिनं तसा आवही आणला नाही. तिनं पानभर टिपण लिहिलं. ते छापायला कुणी तयार झालं नाही. आत्मारामांनी वाईच्या मंडळींना पत्रातून कळवलं की नवं औषध लागू पडलं. औषध कोणतं, ते घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. उन्हाळा फार कडक होता म्हणून दोघांचं वाईला परतणं लांबलं.

ऑगस्टमध्ये मिश्रांचा फोन आला. अमीनाबादचे कापडाचे एक व्यापारी, तोच रोग, तिसऱ्यांदा उलटलेला. मुलगा द्यायला तयार आहे, तपासण्या झाल्यात. पण रोगी ऐकायला तयार नाही. मरेन, म्हणतो, पण हे नाही. नेत्रा येऊन समजावील का?

नेत्रा फोन ठेवून वळली तेव्हा आत्माराम दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वर्तमानपत्राची घडी घालून त्यांनी खुर्चीवर ठेवली, आत जाऊन कोट घातला, टोपी घातली आणि म्हणाले, "तुझं ऐकणार नाही तो. चल, मी येतो."

नर्सिंग होममध्ये त्यांनी व्यापाऱ्याच्या मुलाला, सुनांना, मिश्रांनाही खोलीबाहेर उभं केलं आणि दार आतून लावून घेतलं. त्यांचं हिंदी बेतास बात होतं. एका अनोळखी माणसापाशी ते आत काय बोलले ते नेत्राला कधी कळलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. अर्ध्या तासानं दार उघडलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण पाठ ताठ होती.

"हो म्हणालेत," ते नेत्राला म्हणाले. "तू तयारीला लाग. मी त्यांच्यापाशी बसतो."